दुधाचं वाक्य

आपांनी माझा उजवा हात पहिल्यांदा धरला तेव्हा मला वाटलं, या आता माझं लग्न कधी होणार ते सांगणार. भिवंडीजवळ राहनाळला आमच्या गोडाऊनच्या ऑफिसात मी बिलिंगला नवी होते आणि बिलिंग सांभाळणाऱ्या आपा तिथल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी माझा हात ट्यूबलाइटकडे वळवला, मधल्या बोटाच्या पेराशी अंगठ्याने चाचपलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घट्टाच नाही. तू लिहितेस का नुसता माऊस फिरवतेस?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"खोटं बोलतेस," असं म्हणून त्यांनी माझा हात परत माझ्या मांडीवर ठेवून दिला, दुकानात नापसंत कापड ठेवतात तसा. शेजारची माणसं माना खाली घालून हसत होती. त्यांचे सगळ्यांचे हात कधी ना कधी असेच बघून झाले होते.

कारण आमच्या ऑफिसात एक रीत होती. कुणी नोकरीत कायम झालं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं पोर पास झालं, की शाईपेन भेट द्यायचं आणि ते आपांनीच निवडायचं. ही रीत आपांनीच पाडलेली होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. घड्याळ, शाल, गणपतीची चांदीची मूर्ती असलं काही कुणी सुचवलं की त्या दुपट्टा सारखा करत विचारायच्या, "त्याला बघून आणलंय का दुकान बघून?"

आता पेन निवडायचं म्हणजे आपण काय करतो? दुकानात जातो, चांगली डबी बघतो, कागदावर आपलं नाव लिहितो, सही करतो, पेन छान चालतंय म्हणतो आणि बांधून घेतो. आपांच्या मते यातलं एकही बरोबर नव्हतं. विशेषतः नाव. नाव लिहायला त्यांची सक्त मनाई होती. "स्वतःचं नाव सगळ्यांनाच छान लिहिता येतं," त्या म्हणायच्या. "हात ते पाठ करून बसलेला असतो. त्यात तो माणूस सापडत नाही." म्हणून ज्याला पेन द्यायचं त्याच्याकडून त्या एकच वाक्य लिहून घ्यायच्या: दूध संपलं आहे, येताना आण.

मॅनेजर असो, हमाल असो, सगळ्यांनी हेच लिहायचं. मला कायम केलं तेव्हा मीही लिहिलं. हेच वाक्य का, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, "हे लिहिताना कुणी सजत नाही. त्याला फक्त दूध हवं असतं." माझ्या त्या ओळीकडे त्यांनी इतका वेळ बघितलं, की मला वाटलं दूध आणायला आता उठतील. मग त्यांनी मला एक काळं, सडपातळ पेन आणून दिलं. ते हातात घेतलं आणि, काय सांगू, इतकी वर्षं मी दुसऱ्या कुणाच्या तरी चपला घालून फिरत होते आणि आज माझ्या सापडल्या असं झालं. ते पेन आजही माझ्या पर्समध्ये आहे आणि ते कुणी मागितलं तर मी पेन्सिल देते.

वाक्य झालं की कागद. पेन आधी त्या माणसाच्या कागदाला आवडलं पाहिजे, हा आपांचा दुसरा कायदा. दुकानातल्या गुळगुळीत पॅडवर कुठलंही पेन चालतं, पण तो माणूस रोज कशावर लिहितो? त्यासाठी आपा लोकांचे कागद पळवायच्या. कामतघरला त्यांच्या घराजवळच्या डॉक्टरांना पेन द्यायचं होतं, तर या ठणठणीत असताना दवाखान्यात जाऊन बसल्या, नंबर आल्यावर दोनदा खोकल्या आणि औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर पडल्या. चिठ्ठीचा कागद पातळ निघाला, शाई पसरणारा, म्हणून डॉक्टरांना बारीक निबचं पेन गेलं. गंमत म्हणजे खोकल्याचं सिरप मात्र त्यांनी विकत आणून सगळं संपवलं. डॉक्टरांनी एवढं लिहून दिलंय तर फुकट जायला नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पर्समध्ये बघावं तर शाळेच्या वहीचं पान, कोरं चलान, लग्नपत्रिकेची मागची बाजू, सगळे दुसऱ्यांचे कागद.

आणि बाकीचं निरीक्षण वेगळंच. माणूस दार कसं लावतो, पापड मोडून खातो का सगळाच तोंडात कोंबतो, फोन ठेवताना आधी कोण ठेवतं. "आपटून दार लावणाऱ्याला नाजूक निब देऊ नको, पंधरवड्यात वाकडी करील," हे मला त्यांनी चालत्या रिक्षात शिकवलं. "आणि बडबडा माणूस असेल तर जपून. तो बोलता बोलता पेन उघडं ठेवतो. शाई सुकते, मग पेनाला शिव्या देतो." हे सांगताना त्या स्वतः इतकं बोलत होत्या, की रिक्षावाल्याने वळण चुकवलं.

आमच्याकडे टेम्पो चालवणारा एक ड्रायव्हर होता, उत्तरेकडचा. एके दिवशी तो डोक्यावरचा गमछा हातात घेऊन आपांसमोर उभा राहिला. "आपा, बिटिया दसवीं पास हो गई. उसके लिए एक पेन पसंद कर दो."

"हाथ कहाँ है?"

"किसका हाथ?"

"बिटिया का. और किसका?"

"वो तो गाँव में है."

"तो फोटो मँगाओ. चेहरे का नहीं. लिखाई का."

गावाहून फोटो आला. मुलीने बापाला विचारलंसुद्धा नाही, हे दुधाचं काय म्हणून; सुबक हिंदीत लिहून पाठवलं. आपांनी फोटो मोठा केला, छोटा केला, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "कागज़ पलटाके पीछे का फोटो भेजने बोलो." आम्ही सगळे आपापली कामं टाकून त्यांच्या खुर्चीमागे गोळा झालो होतो. मागच्या बाजूचा फोटो आला आणि बघतो तर काय, प्रत्येक अक्षर कागदातून उमटून वर आलेलं. आपांचे डोळे चमकले. "बघा, किती दाबून लिहिते. हिला मजबूत पेन पाहिजे, मोडणार नाही असं. ही पोरगी लांब जाणार आहे." जाड स्टीलच्या निबचं निळं पेन गावी गेलं. मुलीने त्या पेनाने लिहितानाचा व्हिडिओ पाठवला तेव्हा आपांनी ड्रायव्हरला तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, आणि बाहेर माल निघायला उशीर होतोय म्हणून त्याच्या गाडीचा हॉर्न कुणीतरी वाजवत राहिलं.

एवढं सगळं करणाऱ्या बाईला चुकीचं पेन दिलं तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं होतं. एका दिवाळीला शेठनी सगळ्या स्टाफला मिठाईबरोबर एकेक पेन दिलं, चकचकीत, टोपणावर कंपनीचं नाव. आम्ही खूश. आपा उठल्या, शेठच्या केबिनमध्ये गेल्या, दार उघडंच होतं, आणि पेन त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "शेठ, मिठाई ठेवते. पेन परत घ्या. हे तुम्ही मला नाही दिलं. गठ्ठ्यातलं एक माझ्याकडे आलं."

शेठ भला माणूस, हसले आणि पेन ड्रॉवरमध्ये टाकलं. पुढे आपल्या व्याह्यांना द्यायचं पेन निवडायला ते आपांकडेच आले आणि दुधाचं वाक्य लिहायला व्याह्यांना कसं राजी करावं याची काळजी करत बसले. पण आम्हाला धडा मिळायचा तो मिळाला. आपा चुकीचं पेन परत करतात, आणि चारचौघांत करतात.

आणि या आपांकडे स्वतःचं शाईपेन नव्हतं. एकसुद्धा नाही. दुपट्ट्याच्या आत कानावर खोचलेलं एक साधं बॉलपेन असायचं, त्याच्या शेपटीला दोऱ्याचा तुकडा अजून लोंबत होता. कुठल्या काउंटरवरून तुटून आलं ते आम्ही कधी विचारलं नाही. एकदा मात्र मी धीर करून म्हटलं, "आपा, सगळ्या जगाला पेन निवडता, मग तुमचं?"

"माझं कोण निवडणार?" त्या बिलं लावता लावता म्हणाल्या. "स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही, बेटा. दुसऱ्याने बघावा लागतो." मग म्हणाल्या, "टेमघरची बिलं झाली का?" मी राहायला टेमघरलाच, पण त्या दिवशी मला टेमघर कुठे आहे तेही आठवेना. इतकं वाईट वाटलं. एवढ्या हातांकडे बघणाऱ्या या बाईच्या हाताकडे कुणी म्हणजे कुणी बघितलं नव्हतं.

त्या रिटायर होणार हे ठरलं तेव्हा भेटीसाठी आमची बैठक भरली, गोडाऊनमध्ये, खोक्यांच्या मागे, त्यांना दिसू नये म्हणून. हमालांचे मुकादम, राहनाळचेच, त्यांना सगळे मामा म्हणायचे. ते म्हणाले, "मिक्सर द्या. मिक्सरला कोनी नाव ठेवत न्हाय."

मी म्हटलं, "पेनच द्यायचं. मी निवडते."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी शेठची गाडी मागितली. मामा म्हणाले, "पोरी, डोकं ठिकानावर हाय ना? त्यांनी शेठला न्हाय सोडला. तुला सगल्यांच्या समोर परत करतील. आनि त्यांचा शेवटचा दिवस हाय तो."

खरंच होतं ते. चुकलं तर माझी फजिती होईल ती होईल, पण आपा शेवटच्या दिवशी ऑफिसातून बाहेर पडतील त्या, आपल्याला इथे कुणीच कधी बघितलं नाही, हे पक्कं समजून. तरीही मी हट्ट सोडला नाही.

मग मी आपांच्या पाळतीवर राहिले. त्या दार टाचेने लावायच्या, कारण दोन्ही हातांत फायली. टाचेने दार लावणाऱ्याला कुठली निब, हे त्यांनी शिकवलंच नव्हतं. मी जेवताना त्यांच्या बोटांकडे इतकी बघायला लागले, की त्यांनी एकदा डबा पुढे सरकवून विचारलं, "खायचंय का? मग बघतेस काय?" त्यांनी लिहिलेली बिलं उलटी करून मी मागून बोट फिरवलं. काही उमटलेलं नाही, हात हलका. बोटं आखूड, म्हणजे जाडजूड पेन नको. हे सगळं जमवून मी ठाण्याच्या एका जुन्या पेनांच्या दुकानात गेले आणि तिथे माझी नजर एका पेनावर बसली ती हटेना. बाटलीच्या काचेसारखं हिरवं, मोठी उघडी सोनेरी निब. दुकानाच्या पॅडवर दुधाचं वाक्य लिहिलं तर लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. मी घेऊनच बाहेर पडले आणि रस्त्यात डबी उघडून पुन्हा बघितलं.

फक्त कागद राहिला होता. आपांचा कागद कुठला? ऑफिसची बिलं तर सुटणार होती. म्हणून निरोपाच्या कार्यक्रमाला घरून कोण कोण येणार ते विचारायचं निमित्त काढून मी कामतघरला त्यांच्या घरी गेले. खाली त्यांच्या दिरांचा लूमखाता, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, वर आपांचं घर. खालच्या खटखटीने कपातला चहा हलत होता. आपा वाण्याची यादी लिहीत बसल्या होत्या, तेच दोऱ्याचं बॉलपेन. "साखर" लिहिलं आणि दिरांच्या कारागिराची गोष्ट सुरू केली. कारागीर सुट्टीवर कसा गेला, परत कसा आला, येताना बायकोला कसा घेऊन आला. पेन हवेत. गोष्ट संपली तेव्हा "तेल" लिहिलं. मग मला विचारलं, "तू बटाटेवडे करतेस का घरी?" पेन पुन्हा हवेत.

यादीचा कागद जाड, तपकिरी आणि खरखरीत होता. मी विचारलं, "हे कसले तुकडे?"

"सुताचे कोन येतात ना खाली, त्यांची खोकी. कापून ठेवते. रिटायर झाल्यावर मला कोण कागद देणार? हाच आता माझा."

मी त्यातला एक तुकडा हळूच पर्समध्ये टाकला. निघाले आणि माझ्याने राहवलं नाही. जिन्यात, लूमखात्याच्या उघड्या दारापाशी उभी राहून मी हिरवं पेन काढलं आणि त्या तुकड्यावर लिहायला लागले. "दूध" होईपर्यंत ठीक. "संपलं"पर्यंत येते तो अक्षरांना मिशा फुटल्या. हवेत उडणारं सुताचं बारीक तूस त्या मोठ्या उघड्या निबला चिकटलं होतं, खालच्या खरखरीत कागदाने आणखी धागे दिले, आणि माझं सोनेरी, देखणं, ठाण्याहून आणलेलं पेन झाडूसारखं शाई सारवत चाललं होतं. मी नखाने तूस काढलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा मिशा. क्षणभर रडू आलं. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. तूस, खरखरीत कागद, आणि बोलता बोलता हवेत धरलेलं उघडं पेन. आपा मला दिसल्या होत्या. मी त्या जिन्यात मोठ्याने हसले, लूमच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मग दारातून वाकून मूठभर तूस उचललं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं.

दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या दुकानात ती पिशवी काउंटरवर ठेवली. दुकानदार मागे सरकले. "मॅडम, हे काय आहे?"

"भिवंडी," मी म्हटलं. "यात चालेल असं पेन दाखवा."

आधी त्यांना माझी काळजी वाटली, मग गंमत वाटायला लागली. त्यांनी शेवटी सगळ्यांत खालचा ड्रॉवर ओढला आणि एक मरून रंगाचं पेन काढलं, जुन्या घडणीचं. याची निब उघडी नसते, पेनाच्या पुढच्या नाकाखाली झाकलेली असते, चोचीएवढं टोक तेवढं बाहेर. "हे आता कुणी मागत नाही," ते म्हणाले. "निब दिसत नाही ना, लोकांना दाखवायला निब लागते." मी तपकिरी तुकडा ठेवला, वर तूस फुंकलं, आणि "दूध" लिहिलं. मग शाई सुकते का ते बघायला पेन उघडं धरून त्या गृहस्थांशी गप्पा मारायला लागले. त्यांचं गाव कुठलं, मुलं किती, भिवंडीचा ट्रॅफिक, सगळं. ते बिचारे माझ्या हातातल्या पेनाकडे बघत उत्तरं देत होते. भरपूर बोलून झाल्यावर मी टोक टेकवलं. "संपलं आहे" पहिल्या रेघेपासून ओलं, आणि एकाही अक्षराला मिशी नाही. दुकानदारांनी माझ्याआधी टाळी वाजवली. हिरवं पेन त्यांनी आनंदाने परत घेतलं.

निरोपाचा दिवस. गोडाऊनमध्ये खुर्च्या मांडल्या, सामोसे आले, शेठ दोन शब्द बोलले, मामा डोळे पुसत पाणी वाटत होते. मी डबी आपांच्या हातात दिली. आपांनी ती उघडली. पेन उलटसुलट केलं. टोपण काढून निब शोधली, नाकाखालचं ते टोक दिसल्यावर नुसतं हं केलं. मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे, तरी मी सांगत होतो.

"कागद?" आपा म्हणाल्या.

मी पर्समधून तो तपकिरी तुकडा काढून पुढे केला. त्याच्याकडे त्या बघत राहिल्या. मग माझ्याकडे. "हा माझ्या घरातला आहे."

"हो."

"चोरलास?"

"तुमच्याकडूनच शिकले."

त्यांनी तुकडा गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं: दूध. मग वर बघून शेठना विचारलं, "शेठ, माझ्या जागी येणार त्याला जुन्या पार्टीची बिलं समजावली का कुणी?" आणि सुरू झाल्या. कुठली पार्टी कधी फोन करते, कुणाला सकाळी फोन करायचा नाही, कुठल्या फायलीला नवीन फीत लागते. पेन उघडं, हवेत. सगळे शेठकडे बघत होते, मी एकटी त्या टोकाकडे. किती वेळाने कुणास ठाऊक, आपांनी खाली बघितलं आणि टोक टेकवलं. संपलं आहे. सरसर आलं.

त्या थांबल्या. "मी इतकी बोलते, हे तू बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"सगळे ऐकतात आपा. मी बघितलं."

त्यांनी टोपण लावलं. पण पेन त्यांनी डबीत ठेवलं नाही, माझ्या दिशेने केलं. मग कानावरचं दोऱ्याचं बॉलपेन काढून ते माझ्या हातात ठेवलं आणि मरून पेन त्या जागी खोचलं. "उरलेलं घरी लिहीन," म्हणाल्या, आणि दुपट्ट्याने डोळे पुसायला लागल्या. शेठ सामोसा हातात धरून म्हणाले, "म्हणजे ठेवलं?" आणि मामांनी पाण्याचा अख्खा ट्रे खाली ठेवून मला जवळ घेतलं.

त्यानंतर त्यांची खुर्ची रिकामी झाली, मग नव्या माणसाने भरली. मी दोऱ्याचं बॉलपेन ड्रॉवरमध्ये ठेवलं. फोन करीन करीन म्हणत राहून गेलं, आणि मला वाटायला लागलं, घरी गेल्यावर ते पेनही कुठल्यातरी कपाटात गेलं असेल.

एका संध्याकाळी टेम्पो लावून ड्रायव्हर आत आला आणि खिशातून घडी केलेला तपकिरी तुकडा काढला. "आपा के घर के नीचे से माल उठाया, तो ये दिया. बोलीं, बिलिंग वाली को देना." मी घडी उघडली. मरून पेनाची निळी शाई, हलका हात, अक्षरं लूमच्या घरात लिहिलेली आणि एकाही अक्षराला तुसाचा धागा नाही. दोनच शब्द होते: येताना आण.

ड्रायव्हरने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. "क्या लाने को बोल रही हैं? चीज़ तो लिखी ही नहीं."

"दूध," मी म्हटलं, कॉम्प्युटर बंद केला आणि कामतघरची रिक्षा पकडली.